थोरला, धाकटा आणि सोमवारचा नारळ

३ मार्च, सोमवार

मोंढ्यातली आडत मुलाच्या, संगमेशच्या ताब्यात दिली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आप्पा आता देवळाच्या पायरीवर बसून लोकांच्या सुनांवर चर्चा करणार. बसा वाट बघत! आजपासून हा उमाशंकर तुरीचा आडत्या नव्हे, उदगीरच्या एसी अभ्यासिकेचा मालक आहे. घराच्या वरच्या मजल्यावरचा हॉल पांढरा केला, टेबलं मांडली, आणि आज मशीन आली. दोन. गार हवा सोडणाऱ्या पेट्या हॉलच्या भिंतीवर, आणि गरम हवा फेकणारी त्यांची धुडं गच्चीवर लोखंडी स्टँडवर. मोठ्या धुडाचं नाव मी थोरला ठेवलं, छोट्याचं धाकटा. शिवगंगा, म्हणजे आमच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "नावं ठेवली, आता बारसंबी घाला."

हा उपद्व्याप सृष्टीसाठी. ही माझी नात. मागच्या उन्हाळ्यात डोक्यावर ओला टॉवेल टाकून फिजिक्स वाचत होती बिचारी. आता बारावी, म्हणून संगमेश तिला जूनमध्ये लातूरच्या हॉस्टेलात टाकायचं म्हणतोय. का, तर उदगीरला पोरांना बसायला गार जागा नाही. आता आहे की! पोर घरातच राहील, आणि गावातली, जळकोटकडची पोरंही येतील. ती ताटावर समोर नसली की मला घास उतरत नाही. हे फक्त इथंच लिहितो, घरात बोललो तर शिवगंगा वर्षभर चिडवेल.

शिवगंगाने अट घातली आहे. बसव जयंतीपर्यंत पालिकेची परवानगी आली तर अभ्यासिका. नाही आली तर हॉल तिच्या भावाच्या, मन्मथच्या, सिमेंटच्या पोत्यांना, आणि सृष्टी लातूरला. "शब्द म्हणजे शब्द," म्हणाली. मीही मान डोलावून म्हटलं, हाव.

आज सोमवार. दुकानात दर सोमवारी वजनकाट्यासमोरच्या दगडावर नारळ वाढवायचो. गच्चीवर दगड कुठला? पण थोरल्याच्या कुशीतून दोन पितळी बोंडं बाहेर आली आहेत, तांब्याच्या नळ्या तिथंच जोडल्यात. टणक, चकचकीत, बरोब्बर कमरेच्या उंचीवर! कंपनीत कुणीतरी शिवभक्त असला पाहिजे. हर हर महादेव म्हणून एकच दणका दिला, दोन सारखी भकलं. तीर्थ मशीनच्या अंगावरून ओघळलं. सृष्टी शेजारी उभी होती. म्हणाली, "आप्पा, त्या पितळेवरच फोडणार का तुमी?" मी म्हटलं, मग काय कपाळावर फोडू? ती बोंडाकडं बघतच राहिली. आजकालच्या पोरांना देवाधर्माचं कौतुक राहिलेलं नाही म्हणतात, ते खोटं आहे.

६ मार्च

पालिकेतले अभियंता आले. त्यांचं नाव साहेबराव, त्यामुळे मान द्यायचा तर साहेबरावसाहेब म्हणावं लागतं आणि मला हसू येतं. माणूस भला आहे. चहाला नाही म्हणाले, मग चुरमुऱ्यांच्या सुशिल्याला हो म्हणाले.

त्यांच्याबरोबर एसीची मिस्त्री धम्मप्रिया होती. ही आपल्याच गावची, स्कूटरवर गॅसचा सिलिंडर बांधून फिरते आणि गल्लीच्या तोंडापासून तिचा आवाज ऐकू येतो. दोघांनी मिळून मला गॅसचं शास्त्र शिकवलं. पूर्वी मशीनमध्ये जो गॅस असायचा तो आभाळातल्या ओझोनला भोकं पाडायचा, तो आता बंद होत आलाय. नवा त्या मानाने गुणी, पण जरासा आग धरणारा. म्हणून गळती चालत नाही, आणि लहान खोलीत जास्त गॅसचं मशीन तर अजिबात नाही. गळला तर साठून बसेल.

इथं माझं तोंड उतरलं. कारण हॉलच्या कोपऱ्यात भिंत घालून मी माझ्यासाठी केबिन केली होती. काचेचं दार, फिरती खुर्ची, आणि डोक्यावर थोरल्याची सबंध पेटी. साहेबांनी टेप लावली. "आप्पा, एवढ्याशा खोलीत एवढं मशीन? ही भिंत पाडा, न्हाईतर मशीन काढा." शिवगंगाला एवढं खळखळून हसताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं.

आणखी एक नियम: मशीनजवळ आग नको. मी तिथल्या तिथं सांगितलं, साहेब, मी नियमाचा माणूस आहे. आजपासून गच्चीवर कापूर बंद, उदबत्ती बंद, निरांजन बंद. साहेब खूश झाले. नारळाचं विचारलं नाही, आणि नारळात कुठं आग असते!

शेवटचं काम म्हणजे गळतीची तपासणी. धम्मप्रिया नळ्यांत नायट्रोजन भरून दाब मोजायचं गेज लावणार. दुसऱ्या दिवशी साहेब येऊन काटा बघणार. काटा जागेवर असला तर परवानगी, उतरला असला तर नाही. आमच्या भागाचा साहेबांचा वार मंगळवार. म्हणजे गेज सोमवारी लागणार. सोमवार! माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

११ मार्च

भिंत पाडली. फिरती खुर्ची हॉलमध्ये आणली. दोन्ही मशीन लावून एकटाच बसलो. धाकटा काश्मीर. थोरला मात्र वैशाखातल्या म्हशीसारखा उसासे टाकत होता. धम्मप्रियाला बोलावलं. तिने कसली तरी नळी लावली आणि ओरडली, "आप्पा, ह्याच्यातला गॅस उडाला की! आठ दिवसांत? काय पिऊन राहिला का काय हा?"

तिचं म्हणणं, नळीचं तोंड कारखान्यातूनच वाईट आलं असणार. तिने तोंड नव्याने केलं, नट घट्ट आवळला आणि कंपनीला फोनवर असं काही सुनावलं की खाली मोटारसायकलवाले थांबले. मलाही कंपनीचा राग आला. काल एवढा सोमवारचा नारळ फोडूनसुद्धा!

१८ मार्च, मंगळवार

नापास.

काल दुपारी धम्मप्रियाने गेज लावून दिलं आणि ती निघाली. मी अंघोळ करून नारळ घेऊन वर जाणार, तर सृष्टीने ताटात दुसरा नारळ ठेवलेला. "आज टेस्ट हाय ना आप्पा? मग दोन फोडा की." केवढी श्रद्धा! गेजच्या नळीला धक्का लागू नये म्हणून ती डाव्या हाताने अलगद बाजूला धरली आणि उजव्या हाताने फोडले. दोन्ही पहिल्याच दणक्यात.

आज साहेब आले तर थोरल्याचा काटा पार खाली निजलेला. धाकट्याचा ताठ. "एक बरं हाय, एक न्हाई," म्हणाले साहेब, "आप्पा, मला दोन्ही पाहिजेत."

मन्मथ जेवायला आला होता. उगीच हॉलमध्ये फेरी मारून आला, आणि पावलांनी लांबी मोजताना मी त्याला बघितलं.

२५ मार्च

पुन्हा नापास. काल मी तीन फोडले होते.

पण आज कारण सापडलं! धम्मप्रिया गच्चीवर रांगत होती. एकदम किंचाळली. थोरल्याच्या बुडाशी नारळाच्या शेंड्या, करवंटीचे तुकडे, आणि पितळी बोंडावर पांढरे ओरखडे. "वानर! आप्पा, देवळातले नारळ उचलून आणतंय आणि हितं आपटून राहिलंय. नट ढिला होणार न्हाई तर काय?" मग तिने त्या वानराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मीही तिच्या सुरात सूर मिसळला. मी पूजा करून प्रसादाचं एक भकल तिथं ठेवतो, त्याच्या वासाने येत असणार मेलं.

सृष्टी पाण्याच्या टाकीमागे जाऊन खोकत होती. उन्हात उभं राहू नको म्हटलं तर ऐकत नाही.

ती गेल्या गेल्या वेल्डरला बोलावलं. थोरल्याभोवती लोखंडी जाळी. वानराच्या बापाला शिरता येणार नाही. एक छोटं दार ठेवलंय, कुलपासकट. मला पूजेला आत जायला नको?

७ एप्रिल, सोमवार

मधले दोन आठवडे सगळीकडे आनंदी आनंद होता. गुढी उभारली, सणासुदीत एक तपासणी राहून गेली. संगमेश म्हणाला, आप्पा, लातूरचा अर्ज आणून ठेवतो, असू दे. मी म्हटलं, त्या अर्जाची होडी कर. सृष्टीची मैत्रीण दामिनी आधीच लातूरला आहे, तिचा रोज फोन. ती तिथं काय खाते, कुठं बसून वाचते, कुणाबरोबर भांडते, सगळं सृष्टी हसत हसत सांगते. मी तिला दिलासा दिला, तुला नाही जावं लागणार बाळा, आप्पा आहेत. ती ताटातल्या भाताकडं बघत "हाव" म्हणाली. पोरगी अबोल झालीय. परवानगीची काळजी.

आज पुन्हा गेज लागलं. नारळ घेऊन निघालो तेव्हा सृष्टी म्हणाली, "आप्पा, धाकट्यावर अन्याय होऊन राहिलाय. सगळं थोरल्यालाच." मी चपापलोच. खरंच की! इतके दिवस बिचारा धाकटा न कुरकुरता पास होतोय, आणि त्याला एक भकलसुद्धा नाही. जाळीतून बाहेर येऊन त्याच्याही बोंडावर दोन वाढवले. आता दोन्ही भाऊ तृप्त.

८ एप्रिल

दोन्ही नापास.

शिवगंगाने कपाळाला हात लावला. ती चिडली की कानडीत बोलते. मी वानर धाकट्याकडं वळलं असं समजावू लागलो तर "सुम्ने कूडरी" म्हणाली, म्हणजे गप बसा. साहेबरावसाहेबांचाही चेहरा पडला होता. पुढच्या सोमवारी चौदा एप्रिल, धम्मप्रिया गेज लावायला येणार नाही. एकोणतीसला साहेब बसव जयंतीच्या बंदोबस्तात. राहिला फक्त बावीस तारखेचा मंगळवार. "त्या दिवशी काटा हलला तर माझ्याच्यानं काही व्हणार न्हाई, आप्पा," म्हणाले.

रात्री जेवलो नाही. हसून हसून लिहितोय इतके दिवस, पण आज भीती वाटतेय.

१४ एप्रिल

भीती गेली. मिरवणुकीच्या रस्त्यावर आम्ही मोंढ्यातर्फे सरबत वाटलं. निळा फेटा बांधून धम्मप्रिया ढोलाच्या पुढं अशी नाचत होती की रस्ता हादरला. मला बघून गर्दीतूनच ओरडली, "आप्पा, येणाऱ्या सोमवारी सगळे नट नवे टाकते, काळजी करू नका!" तीन ग्लास सरबत प्यायली, वरून माझ्याही हातात एक ग्लास दिला आणि मला दोन पावलं नाचायला लावलं. शिवगंगा अजून हसतेय.

२१ एप्रिल, सोमवार. मुदखेड

घात झाला. चुलतभावाच्या नातवाचा साखरपुडा म्हणून काल मुदखेडला आलो. आज सकाळी निघून दुपारपर्यंत घरी पोचायचं, आणि थोरल्याला पाच, धाकट्याला पाच असे नारळ वाढवायचे, असा बेत होता. दहा निवडक नारळ घरी सोलून ठेवलेत. आणि इथं जीप बंद पडली. मेकॅनिक म्हणतो, सामान नांदेडहून यायचंय, उद्या बघू. तिकडं धम्मप्रियाने नवे नट टाकून गेज लावलंसुद्धा. आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा सोमवार, आणि नारळ नाही!

सृष्टीला फोन लावला. म्हटलं, आता तूच वर जा. जाळीची किल्ली खुंटीवरच्या माझ्या सदऱ्यात आहे. पाच थोरल्याला, पाच धाकट्याला, पितळी बोंडावरच, नेमके.

"हाव आप्पा. मीच फोडते," एकदम म्हणाली.

मला एवढं भरून आलं की बोलून गेलो. "मन लावून फोड गं. तू लांब गेलीस तर मला अन्न गोड लागणार न्हाई. त्याच्यासाठीच चालवलंय हे सगळं."

मग म्हणाली, "आप्पा, तुमी जेवलात का?"

म्हटलं, नाही, घास उतरत नाही. तिने फोन ठेवला. आवाज चोंदल्यासारखा येत होता. एसीमुळे म्हणावं, तर एसी बंद आहेत.

२२ एप्रिल

पास! पास! दोन्ही पास!

मी पोचलो तेव्हा धम्मप्रिया दारातच उभी. मला उचलायचंच बाकी ठेवलं तिने. दोन्ही काटे रेसभर हललेले नाहीत. साहेबांनी दोनदा वाकून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. मन्मथचं तोंड बघण्यासारखं होतं.

सगळा सृष्टीच्या हाताचा गुण. माझ्या हातात आता तेज राहिलं नाही, हे कबूल करायला हवं. तिला जवळ घेतलं तर रडायला लागली. आनंद माणसाला रडवतो. दुपारी जेवणात ओल्या खोबऱ्याची चटणी होती, परातभर. धम्मप्रियाने तिच्याबरोबर पाच भाकरी खाल्ल्या.

हॉलमधल्या खिडकीजवळच्या टेबलावर सृष्टीचं नाव रंगवून घेतलं.

२८ एप्रिल, सोमवार

आज नारळ नाही. धम्मप्रिया गॅस भरून गेली, आणि सृष्टीचं म्हणणं, आता थेट उद्घाटनालाच फोडा, तोवर देवाला थांबू द्या. ज्या हाताने काटा रोखला त्या हाताचा शब्द मोडवेना. तिला मला काहीतरी सांगायचं होतं असं वाटलं. "काय गं?" म्हटलं तर "काही न्हाई."

३० एप्रिल, बसव जयंती

क्रमाने लिहितो.

सकाळी मिरवणुकीहून सगळे इकडंच आले. साहेबरावसाहेबांनी परवानगीचा कागद माझ्या हातात दिला, टाळ्या पडल्या. मी छोटं भाषण केलं. म्हटलं, हा नियमाने वागणाऱ्या माणसाचा विजय आहे. इथं दिवा नाही, कापूर नाही, फक्त नारळ आहे. चला गच्चीवर, दर सोमवारी फोडतो तसा आज सगळ्यांसमोर फोडतो.

साहेब जिन्यात थबकले. "गच्चीवर? कशावर?"

मी अभिमानाने जाळीचं कुलूप काढलं, आत गेलो, हर हर महादेव म्हणून नारळ डोक्याच्या वर नेला. आणि मागून मनगट धरलं कुणीतरी.

"आप्पा, नको!" सृष्टी. "त्याच्यानंच गॅस जाऊन राहिला होता. दर बारीला. मी त्या सोमवारी वर आलेच न्हाई. खाली पाट्यावर फोडले सगळे. चटणी केली."

मी बोंडाकडं पाहिलं. पांढरे ओरखडे. नारळाकडं पाहिलं. धम्मप्रिया हळूहळू पुढं आली. "म्हंजे ते वानर... आप्पा, मी महिनाभर ज्याला शिव्या दिल्या..."

"माझ्यासमोरच दिल्यास की," मी म्हटलं.

ती मटकन टाकीच्या कठड्यावर बसली आणि जी हसायला लागली ती थांबेना. मन्मथ हसला, शिवगंगा पदर तोंडात कोंबून हसली. पण साहेबांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला. त्यांनी तो जाळीवर धरून काहीतरी लिहिलं आणि परत दिला. अटींच्या खाली त्यांच्या अक्षरात नवी अट होती: बाहेरील यंत्रावर नारळ फोडू नये. "हे आमच्या कुठल्याच नियमात नव्हतं," म्हणाले, "आता प्रत्येकाला विचारावं लागंल." म्हणजे नियमांत एक ओळ माझ्यामुळे वाढली. मला थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी सृष्टीला रंगवलेल्या टेबलाशी बसवलं.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?"

"पहिल्या सोमवारपासून."

"मग बोलली का न्हाईस? वरून दोन फोडा, धाकट्यालाबी फोडा!"

मान खाली. "मला लातूरला जायचं होतं, आप्पा. दामिनीसारखं. तुमाला म्हणायची हिंमत झाली न्हाई."

मला राग आला. खूप आला. दोन महिने माझ्या हाताने माझंच नाक कापून घेतलं पोरीने. मग आठवलं, किल्ली तिच्याकडं होती, दहा नारळ सोललेले होते, आणि मी मुदखेडला होतो. एक दणका, आणि ती लातूरला.

"मग त्या दिवशी का न्हाई फोडलेस?"

"तुमी जेवला नव्हतात," म्हणाली.

मी उठलो. खाली जाऊन संगमेशला सांगितलं, अर्ज भर. शिवगंगा उसळली, "अवो, परवानगी आली की! शब्द म्हणजे शब्द, पोर हितंच राहील." मी म्हटलं, शब्द तुझ्या-माझ्यात होता, तिला कुणी विचारलं होतं? मग शिवगंगाही रडली, मीही रडलो, आणि दोघांनी पाट्यावर फोडलेल्या उद्घाटनाच्या नारळाची चटणी संपवली.

१६ जून, सोमवार

अभ्यासिका भरली. खिडकीजवळच्या टेबलावर जळकोटची एक मुलगी बसते. नाव पुसू का म्हणून विचारत होती, मी म्हटलं, राहू दे, त्याने थंडी कमी नाही होत. शिवगंगा दुपारी तांदूळ निवडायला मागच्या खुर्चीवर येऊन बसते आणि सुपाचा आवाज आला की पोरं माना वळवतात. मन्मथने दुकानात एसी घेतला. साहेबांनी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, नारळ कुठं फोडता?

माझा नारळ आता खाली, पाट्यावर. थोरला आणि धाकटा दोघेही आगाऊपणाने गार आहेत.

सृष्टीला जाऊन आज आठ दिवस झाले. जेवायला बसलो आणि फोन वाजला. हॉस्टेलच्या खोलीत नुसता पंखा आहे, तोही रडतो, म्हणाली. मी म्हटलं, येतो सोमवारी नारळ घेऊन, बघतोच त्या पंख्याला.

"नारळ नको आप्पा," म्हणाली, "तुमी फक्त फोन चालू ठेवा. आणि आता जेवा. मी ऐकून राहिले."

फोन ताटाशेजारी ठेवला आणि जेवलो. भात जरा जास्तच खाल्ला गेला.